टवक्यासकट पेला

तोंडात काय आहे म्हणून विचारलं, तर ही जेनेट म्हणते, "काहीतरी गोड." काहीतरी गोड! अगं, आजीचा जन्म गेला साखरेत कोपरापर्यंत हात घालून, आणि नातीला नाव येत नाही! हे तू चोखते आहेस ना, ते सकेट. संत्र्याची साल पाकात मुरवली की ती सकेट. बडीशेपेवर साखरेचं पुटावर पूट चढवलं, मंद आचेवर परात हलवत बसलं, की कम्फिट. त्यावर काटा उठला की काटेरी कम्फिट, आणि काटा उठेपर्यंत बाईच्या पाठीचा काटा मोडायचा. बदाम वाटून, लाटून, भाजून वर गुलाबपाण्याची चकाकी दिली की मार्चपेन. पाकालासुद्धा पायऱ्यापायऱ्यांची नावं होती. तार सुटली की एक, पिसासारखा उडाला की दुसरं, आणि एका पायरीला तर 'ख्रिस्ताचा हात' म्हणायचो आम्ही. तो हात बोटाला लागला की आमच्या तोंडून जे निघायचं ते मात्र ख्रिस्ताला ऐकवण्यासारखं नसायचं.

पण ह्या सगळ्यांची राणी म्हणजे शुगरप्लेट. ती आता कुणी करत नाही, कुणाला येतही नाही. साखर वस्त्रगाळ करायची, गुलाबपाण्यात भिजवलेला डिंक घालायचा, लिंबाचे थेंब, अंड्याचा पांढरा बलक, आणि मळत बसायचं. मग त्याचं काय वाट्टेल ते करा. थाळ्या, वाट्या, हातमोजे, पत्त्यांचा डाव. मोठी माणसं जेवली की बागेतल्या छोट्या घरात यायची, तिथं टेबलावरचं सगळं साखरेचं. गोड खाऊन झालं की पाहुणे थाळ्या फोडायचे, पेले आपटायचे आणि तेच खायचे. भांडी घासायची राहतच नसत, म्हणून मोलकरणींना हा सण फार प्रिय.

"आजी, थाप."

थाप नाही गं. थापा मी पुढे मारणार आहे, तेव्हा सांगेन.

मी तेव्हा हॅझलकोमच्या हवेलीत साखरेच्या खोलीत होते. माझ्या मालकीणबाई ऑनर. स्वभावानं लोणी, पण भिडस्त इतक्या की चोराला म्हणतील, जाताना दार तेवढं लोटून घ्या. माझं लग्न ठरलेलं होतं तुझ्या आजोबांशी, पास्कोशी. तो तिथेच माळी, आणि मधमाश्यांच्या टोपल्या त्याच्याकडे. सप्टेंबरअखेरचा मायकेलमासचा सण झाला की लग्नाला चर्चमध्ये उभं राहायचं, असं बाईसाहेबांनीच ठरवून दिलेलं.

आता ह्या गोडात खडा म्हणजे बाईसाहेबांच्या सासूबाई. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्या राहायच्या वर माळावर, क्रोमूरला. तिथं धुकं बाराही महिने. आता थाप ऐक. तिथं मीठ भांड्यात राहायचं नाही, पाणी होऊन आपलं आपण दाराबाहेर चालायला लागायचं. खुर्चीत जरा जास्त वेळ बसलं तर उठताना मागे शेवाळ. आणि नोकरांना लग्नाची बंदी, कारण थोरल्या बाईंचं म्हणणं, लग्न झालेली बाई अर्धं मन घरी ठेवून येते. जेवायला रोज उकडलेलं मटण आणि त्याच्यावर प्रवचन.

पण थोरल्या बाईंना गोडाचं भलतंच वेड. दात सगळे काळे कुळकुळीत. माझी मार्चपेन त्यांनी एकदा खाल्ली आणि तेव्हापासून त्यांचा डोळा माझ्यावर.

त्या वर्षी बाईसाहेबांना हौस आली. थोरल्या बाईंकडे चिनी मातीचा एक पेला होता. पांढरा शुभ्र, वर निळा पक्षी. सगळ्या डेव्हन परगण्यात तसा दुसरा नव्हता. बाईसाहेबांना वाटलं, तो नमुन्याला आणावा, आणि टॅमसिनकडून, म्हणजे माझ्याकडून, त्याची साखरेची जुळी बहीण करून घ्यावी. म्हणून आम्ही दोघी गेलो मागायला.

थोरल्या बाई पेला मांडीवर घेऊन बसल्या, मांजर घेऊन बसावं तसा.

"देते की. का नाही देणार? सूनबाईनं पहिल्यांदा काही मागितलंय."

"फार उपकार होतील, सासूबाई."

"पण फुटला तर?"

"छे, फुटेल कसा? जिवापाड जपू."

"जीव कुणाचा? तुझा नको, तो माझ्या मुलाचा आहे. ही पोरगी दे. पेला धड परत आला तर बोलणंच संपलं. फुटला, कसाही फुटला, कुणाच्याही हातून फुटला, तर ही टॅमसिन क्रोमूरला. कायमची."

मी बाईसाहेबांचा झगा मागून ओढला. चांगला ओढला, टाका उसवल्याचा आवाज आला. पण ह्या भिडस्त! त्यांना वाटलं, नाही म्हटलं तर सासूबाईंना राग येईल.

"बरं, सासूबाई," म्हणाल्या.

परत येताना गाडीत त्या रडायला लागल्या, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली. घ्या!

पेला घरी आला. मी तो पिसांच्या उशीत ठेवला. बघायचा झाला तर आधी हात पुसायचा, मग नाक पुसायचं, मग श्वास धरायचा. पास्को खिडकीतून डोकावला.

"काय गं, बाळ झोपलंय का?"

"चेष्टा करू नकोस. हा फुटला तर मी गेले क्रोमूरला, आणि तू बस माश्यांशी संसार करत."

"माश्या बऱ्या. राणी एकच असते, सासू नसते."

"पास्को!"

"अगं, घाबरतेस काय? तू घडव, मी इथं उभा राहतो. पडलाच तर मी खाली झोकून देतो. डोक्यावर पडू दे. डोकं काय, फुटलेलंच आहे."

साखरेचा शंकू काढला, निळ्या कागदातला. तो इतका उंच होता, इतका उंच होता, की वरचं टोक अडकित्त्यानं तोडायला मला शिडी लागली, आणि वर एक कबुतर घरटं करून बसलं होतं.

"आजी!"

बरं बाई, घरटं नव्हतं. कबुतर होतं. तर साखर कुटली, चाळली, मळली. पेल्यावर थापून साचा उतरवला, भट्टीच्या उबेला वाळवला, चाकूनं तासला. वजनाला जुळेना म्हणून तळाला आतून आणखी थर दिला. पक्षी काढला निळ्या फुलांच्या रसानं. त्या पक्ष्याचा एक डोळा जरा तिरळा होता, तोही तसाच तिरळा काढला. मग पेला उलटा करून बघते, तर खाली बुडाच्या कडेला टवका उडालेला. तांदळाएवढा. जुना. नखाला लागला तरच कळणारा.

मी साखरेच्या पेल्यालाही तिथंच टवका पाडायला बसले.

पास्को म्हणाला, "वेडी आहेस का? खालचा टवका कोण बघतंय?"

"पेला बघतोय."

"पेल्याला डोळे आहेत?"

"पक्ष्याला आहेत. तिरळा का होईना. जे आहे ते आहे तसं करायचं. नाहीतर बहीण कसली? ती चुलतबहीण झाली."

तो हसला आणि माश्यांकडे गेला. मी टवका पाडला. टवक्यात दिसणारी करडी मातीसुद्धा दालचिनीच्या चिमटीनं दाखवली.

मायकेलमासचा दिवस उजाडला तो कोरडा, सोनेरी. मी देवाचे आभार मानले, कारण शुगरप्लेटला दमट हवेसारखा वैरी नाही. पण दुपारी थोरल्या बाईंची गाडी आली, आणि आता खरं सांगते, गाडीच्या मागून धुकं आलं. कुत्रं मागून येतं तसं. त्या उतरल्या, झगा झटकला, आणि घोट्याएवढं धुकं बागेत पसरलं. जेवण होईपर्यंत खिडकीबाहेर झाडं दिसेनात.

सगळे बागेतल्या घरात आले. मी सकेटची थाळी घेऊन दाराशी उभी. मला टेबलाला हात लावायची मुभा नव्हती, नेऊन द्यायचं आणि मागे व्हायचं. दोन्ही पेले थोरल्या बाईंच्या पुढ्यात. उजवीकडे खरा, डावीकडे माझा, पाहुणे यायच्या आधी मीच मांडलेले. दोन्हीत कम्फिट भरलेले. पाहुण्यांत सर बार्नबी होते, शेजारचे जहागीरदार, भला माणूस. त्यांची एक दाढ सात वर्षं ठणकत होती, एक गाल कायम भोपळा. तरी गोड सोडत नव्हते.

"वाहवा! ऑनरबाई, ह्यातला साखरेचा कुठला?"

"ओळखा की," थोरल्या बाई म्हणाल्या. "फिरवा हातोहात. चाटायचं मात्र नाही हं, चाटणारा हरला."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी दोन्ही पेल्यांतले कम्फिट थाळीत ओतले, आणि पेले निघाले फिरायला. ह्याच्या हातून त्याच्या हाती, टेबलाला वळसा घालून. कुणी वास घेतोय, कुणी टिचकी मारतोय. धुक्यानं दोन्ही गार, दोन्ही ओलसर. एक म्हणे हा, दुसरा म्हणे तो. मी आधी नजर ठेवली, मग एका बाईची बाही आडवी आली, आणि संपलं. पेले परत थोरल्या बाईंच्या पुढ्यात आले तेव्हा मला विचारलं असतं तर मीसुद्धा सांगू शकले नसते. माझीच बहीण, आणि मला ओळखेना!

मग सर बार्नबी टेबलावर थाप मारून ओरडले, "चला, फोडाफोडी! पहिला मान वयानं थोर असेल त्यांचा!"

तशी रीतच होती. सगळ्यांत वडील माणसानं पहिलं भांडं जमिनीवर आपटायचं, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. आणि वडील माणूस कोण? तर ह्याच.

बाईसाहेब पांढऱ्या पडल्या. "सासूबाई, पेला नका ना. थाळी फोडा. ही थाळी बघा किती छान आहे."

"थाळी? इतका सुंदर साखरेचा पेला असताना? पोरीनं एवढे कष्ट केले, त्याचा मान नको का राखायला?"

त्यांनी एक पेला उचलला. अंगठा हळूच खाली बुडाकडे गेला. मी बघत होते, माझे डोळे त्या अंगठ्यालाच चिकटले होते. अंगठा कडेनं फिरला, फिरला, आणि थांबला. टवक्यावर थांबला. आणि थोरल्या बाई हसल्या. सगळे काळे दात दिसले.

मला तेव्हा सगळं कळलं बघ. त्यांना आपला पेला ओळखता येत होता. खालच्या टवक्यावरून, वर्षानुवर्षं अंगठ्याला सवय झालेली. आणि तोच त्या फोडणार होत्या, मुद्दाम, सगळ्यांसमोर. मग कपाळाला हात लावून म्हणायचं, अगं बाई, फसले की, किती गं हुबेहूब केलंस! आणि कसाही फुटला, कुणाच्याही हातून फुटला, तर टॅमसिन क्रोमूरला. मला त्या मटणाच्या घरी न्यायला एवढा पेला गेला तरी त्यांना चालणार होतं. नाही, मटणासाठी नव्हे, मार्चपेनसाठी.

मी सकेटची थाळी छातीशी घट्ट धरली. दाराबाहेर पास्को उभा होता, हातात टोपी, टोपीचा पार पिळा झालेला.

"देवाच्या नावानं!" थोरल्या बाई म्हणाल्या, आणि हात डोक्यावर नेऊन पेला फरशीवर आपटला.

थप्.

खळ्ळकन नाही गं. थप्. ओली कणीक पडावी तसं. पेला फरशीवर बसला, कमरेतून वाकला, एक कड बाहेर लोंबली, आणि पावसाळ्यातल्या बेडकासारखा आमच्याकडे बघत राहिला. तिरळ्या डोळ्यानं.



मग मीच पुटपुटले, "ओलावा लागला." आणि एवढं म्हणताना माझ्या छातीतून जो श्वास सुटला, जेनेट, तो श्वास मी क्रोमूरहून निघाल्यापासून धरून ठेवला होता. त्या श्वासानं टेबलावरच्या मेणबत्त्या विझल्या. खरंच विझल्या. बाईसाहेब धपकन खुर्चीत बसल्या, हसायला लागल्या, रडायला लागल्या, मग दोन्ही एकदम. बाहेर पास्कोनं टोपी वर फेकली ती धुक्यात कुठे गेली कोण जाणे, वसंतात सापडली, आत चिमणीची अंडी.

थोरल्या बाई मात्र फरशीकडे बघतच राहिल्या. ज्या धुक्यात मीठ चालायला लागतं, त्यात डिंक-साखरेचं काय होणार? बाईंनी ते स्वतःच्या झग्यातून आणलं होतं, आणि ते बाईंच्याच अंगाशी आलं.

पण थांब, गोष्ट संपली नाही. रीत आठवते ना? पहिलं भांडं पडलं की बाकीच्यांनी तुटून पडायचं! आम्ही दोघी आपल्या हसतोय-रडतोय, आणि इकडे पाहुणे सुरू. थाळ्या ताडताड तुटतायत, पत्ते कुरकुर खाल्ले जातायत. आणि सर बार्नबींनी उरलेला पेला उचलला.

"अहो सर! तो नाही!" मी ओरडले. मोलकरणीनं जहागीरदारावर ओरडायचं नसतं, पण ओरडले.

उशीर झाला होता. त्यांनी दणदणीत चावा घेतला. कडाक्!

बाईसाहेबांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला बघायचं होतं माझं नशीब कुठल्या बाजूला पडतंय ते. सर बार्नबींनी तोंडात दोन बोटं घातली, आणि काहीतरी बाहेर काढून हातावर धरलं. काळं, मुळासकट.

दाढ!

"सुटली," ते म्हणाले. मग गाल दाबून बघितला. मग दुसऱ्यांदा दाबला. "अहो, सुटली! ठणका गेला! सात वर्षं न्हावी ओढत होता, घोड्याला बांधून ओढली, घोडा मेला पण दाढ हलली नाही!" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. एवढा दांडगा माणूस, मला कवेत घेऊन नाचायला लागला, सकेटची थाळी मधे, सगळा पाक त्यांच्या मखमली कोटाला.

"सर, पेला! आधी पेला खाली ठेवा!"

बाईसाहेबांनी तो त्यांच्या हातातून काढला, पदराइतका मोठा रुमाल घेऊन पुसला, उजेडाला धरला. कड सगळीकडून गोल. चीर नाही, तडा नाही. उलटा केला. बुडाशी तोच एक जुना टवका, तांदळाएवढा, दुसरा नाही. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी थोरल्या बाईंच्या पुढे ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा भीड सोडून बोलल्या.

"धड आहे, सासूबाई. बोलणं संपलं."

थोरल्या बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी गेले. मन हलकं, कम्फिटमधल्या बडीशेपेसारखं.

"टवकासुद्धा केलास?"

"हो, बाई."

"खालचा? जिथं कुणी बघत नाही तिथं?"

"होता म्हणून केला, बाई."

थोरल्या बाईंनी खरा पेला बाजूला सारला. मग वाकल्या, फरशीवरचा तो बेडूक उचलला, झग्याला पुसला आणि त्याचा लचका तोडला. चावत राहिल्या. दुसरा लचका तोडला.

"डिंक जास्त झालाय," म्हणाल्या.

"धुकं जास्त झालंय, सासूबाई," बाईसाहेब म्हणाल्या. अगं, त्यांना काय सुचलं त्या दिवशी!

थोरल्या बाईंनी तेही गिळलं. सगळा पेला संपवला, पक्षीसुद्धा, तिरळ्या डोळ्यासकट. हात झटकले, गाडी मागवली. त्या निघाल्या, आणि मागोमाग बागेतलं धुकंही निघालं, शेपूट घालून. फाटकाबाहेर गेल्यावर ऊन पडलं. पास्को फुलांच्या वाफ्यात उभा, बिनटोपीचा, माश्या डोक्याभोवती फिरतायत, आणि हा खुळ्यासारखा हसतोय.

"मग?" म्हणाला. "कोण बघतं खालचा टवका?"

मी हातातली उरलेली सकेट त्याच्या तोंडात कोंबली, म्हणजे पुढे बोलायला नको. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभे राहिलो. सर बार्नबी वऱ्हाडात सगळ्यांत पुढे, दोन्ही गाल सारखे.

"आणि पेला, आजी? तो खरा?"

तो नेला त्यांनी. त्यांचाच होता. पण गाडीवान सांगत होता, हॅझलकोमचं फाटक सुटलं तेव्हापासून क्रोमूरचा दरवाजा येईपर्यंत थोरल्या बाई मांडीवरचा पेला उचलायच्या, इकडे तिकडे बघायच्या, आणि हळूच चाटून बघायच्या.